‘वॉरंटीत बसत नाही’ : काउंटरवरचा नकार शेवटचा नसतो

‘हे वॉरंटीत बसत नाही, साडेचार हजार डॉलर होतील.’ सर्व्हिस ॲडव्हायझरने असं सांगितलं की आपल्यातले बहुतेकजण दोहोंपैकी एक करतात. कार्ड काढतात, नाहीतर घरी येऊन गाडी विकायला काढतात. ऑफिसात कंत्राटातला स्वल्पविरामही न सोडणारा माणूस इथे मात्र ‘कंपनीच नाही म्हणतेय, काय करणार’ म्हणत गप्प बसतो.

पण बरेचदा कंपनीने नाही म्हटलेलंच नसतं. नाही म्हटलेलं असतं डीलरने, आणि तो म्हणजे कंपनी नव्हे. टेक्सासातल्या फ्रिस्कोतून एकशेएकवीस हायवेने प्लेनोकडे जाताना टोयोटाचं उत्तर अमेरिकेचं मुख्यालय दिसतं, २०१७ पासून ते तिथे आहे. पण त्याच रस्त्यावरची टोयोटाची शोरूम ही त्या मुख्यालयाची शाखा नसते. टेक्सासच्या कायद्याने गाड्या बनवणाऱ्या कंपनीला इथे स्वतःची शोरूम चालवायची सहसा मुभाच नाही. टेस्लाने २०२१ साली मुख्यालय ऑस्टिनला आणलं, तरी स्वतःच्याच राज्यात तिला इतरांसारखी शोरूम थाटून गाडी विकता येत नाही ती याच कायद्यामुळे. तेव्हा डीलर हा स्वतंत्र व्यापारी. वॉरंटी देते कंपनी, काम करतो डीलर, आणि त्याचं बिल तो कंपनीला पाठवतो. कंपनीने ते नाकारलं तर भुर्दंड त्याच्या माथी बसतो. त्यामुळे शंकेचं प्रकरण आलं की काही जण कंपनीला न विचारताच ‘नाही’ सांगून मोकळे होतात. त्यात लबाडी असतेच असं नाही, हिशेब मात्र असतो.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा : हा नकार तुमचा की कंपनीचा? कंपनीचा असेल तर कोणत्या कलमाखाली, ते लिहून द्या. त्यानंतर वॉरंटीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्राहक सेवेच्या नंबरवर फोन करून केस नंबर घ्यावा, आणि कंपनीच्या प्रादेशिक प्रतिनिधीने गाडी तपासावी अशी मागणी करावी. त्याच ब्रँडचा दुसरा डीलर प्लेनो, मकिनी किंवा लुइसव्हिलला अर्ध्या तासावर सापडतो. त्याचं मत वेगळं पडू शकतं.

दुसरा समज तर इतका पक्का आहे की मराठी मंडळाच्या कार्यक्रमानंतर पार्किंगमध्ये तो कुणी ना कुणी सांगतोच : ‘ऑइल बाहेरून बदललंस? गेली वॉरंटी.’ असं होत नाही. १९७५ सालचा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा हा अमेरिकेचा केंद्रीय कायदा आहे. आमचाच सुटा भाग वापरा, आमच्याच डीलरकडे सर्व्हिसिंग करा, नाहीतर वॉरंटी नाही, अशी अट घालायला तो बंदी करतो. कंपनी तो भाग किंवा ती सेवा फुकट देत असेल किंवा फेडरल ट्रेड कमिशनने खास सूट दिली असेल, तर गोष्ट वेगळी. बीएमडब्ल्यूच्या मिनी विभागाने नेमकी अशी अट घातल्याचा आरोप या कमिशनने ठेवला होता, आणि २०१५ मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटलं. २०१८ मध्ये त्याने अशाच मजकुराबद्दल सहा कंपन्यांना इशारापत्रं पाठवली, त्यात ह्युंदाईही होती.

यातली दुसरी बाजू सांगितली नाही तर ती फसवणूक होईल. बाहेरच्या मेकॅनिकने चुकीचं ऑइल भरलं आणि त्यामुळेच इंजिन गेलं, तर कंपनी ते काम नाकारू शकते. पण ‘त्यामुळेच’ हे तिने दाखवायला हवं. काचांना टिंट लावली म्हणून ट्रान्समिशनची वॉरंटी जात नाही. डॅशकॅमच्या वायरिंगने फ्यूज बॉक्स जळला, तर त्या फ्यूज बॉक्सपुरता नकार योग्य ठरतो. आणि ऑइल वेळेवर बदललंच नसेल तर कोणताही कायदा मदतीला येणार नाही. घरच्या गराजमध्ये स्वतः ऑइल बदलणाऱ्यांनी ऑइल आणि फिल्टरच्या पावत्या ठेवाव्यात, शेजारी तारीख आणि मैल लिहावेत. इंजिनच्या वादात कंपनी सगळ्यात आधी हेच मागते.

‘छत्तीस हजार मैल झाले, आता विषय संपला.’ या वाक्यावर फ्रिस्कोकर सर्वात जास्त पैसे घालवत असतील असा माझा अंदाज आहे. वॉरंटी एक नसते, एका गाडीच्या तीन-चार असतात, आणि त्यांच्या मुदती वेगवेगळ्या असतात. तीन वर्षं किंवा ३६,००० मैल ही अनेक ब्रँडची सर्वसाधारण वॉरंटी. इंजिन आणि ट्रान्समिशनसाठी ती बरेचदा पाच वर्षं किंवा ६०,००० मैल असते. ह्युंदाई आणि किया पहिल्या मालकाला त्यासाठी दहा वर्षं किंवा एक लाख मैल देतात, पण तीच गाडी जुनी म्हणून घेणाऱ्या दुसऱ्या मालकाला तेवढी मिळत नाही. हे घेण्यापूर्वी विचारावं.

जिचं नाव काउंटरवर सहसा कुणी काढत नाही, ती एमिशन वॉरंटी. पेट्रोलच्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि एमिशन सांभाळणारा मुख्य कंप्युटर यांच्यावर केंद्रीय कायद्याने आठ वर्षं किंवा ८०,००० मैल वॉरंटी द्यावीच लागते. कन्व्हर्टर बदलायचा खर्च हजार-दोन हजार डॉलरच्या घरात सहज जातो. चेक इंजिनचा दिवा लागला आणि सत्तर हजार मैलांवर कुणी ‘वॉरंटी संपली’ म्हणालं, तर आधी विचारा, बिघडलेला भाग त्या यादीत येतो का.

रिकॉल हा आणखी वेगळा. सुरक्षेच्या रिकॉलचं काम वॉरंटी संपली असली तरी फुकट होतं, गाडी पंधरा वर्षांपेक्षा जुनी नसली म्हणजे झालं. कंपनीने डीलरांना पाठवलेलं तांत्रिक बुलेटिन मात्र रिकॉल नव्हे, त्याने फुकट दुरुस्तीचा हक्क मिळत नाही. तरी वादात ते उत्तम पुरावा ठरतं, कारण हा दोष कंपनीला ठाऊक होता हे त्यातून दिसतं. केंद्रीय वाहतूक सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचं मॉडेल टाकलं की ही बुलेटिनं वाचता येतात. शिवाय कधी कंपनी एखाद्या भागाची वॉरंटी मागाहून वाढवते. ह्युंदाई-कियाच्या थीटा टू इंजिनांवर दावे झाले आणि त्या तडजोडीत विशिष्ट बिघाडासाठी आजीवन वॉरंटी मिळाली.

गारांचं एका वाक्यात : उत्तर टेक्सासच्या वसंतात बॉनेटवर पडलेले खड्डे हा विम्याचा विषय, वॉरंटीचा नव्हे. गाडी घेताना फायनान्सच्या खोलीत विकली जाणारी ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ही बहुधा वॉरंटी नसतेच, तो सेवा-करार असतो. त्याचा वाद गाडीच्या कंपनीशी घालून उपयोग नाही. टेक्सासात अशा करारवाल्यांवर परवाने देणाऱ्या खात्याची, म्हणजे टीडीएलआरची नजर असते.

आता मोठा गैरसमज : ‘आपल्याकडे ग्राहक मंच तरी असतो, इथे वकिलाशिवाय काही होत नाही.’ मुंबई ग्राहक पंचायतीचं नाव ऐकत वाढलेल्या माणसाला असं वाटणं साहजिक आहे. गंमत म्हणजे ती पंचायत आणि मॅग्नसन-मॉस कायदा दोन्ही १९७५ सालचे. टेक्सासात गाड्यांपुरता असा मंच आहे, तो ऑस्टिनच्या डीएमव्हीत, म्हणजे मोटार वाहन खात्यात. इथे लायसन्स डीपीएस देतं आणि रजिस्ट्रेशनचा स्टिकर काउंटीच्या टॅक्स ऑफिसातून येतो, म्हणून डीएमव्हीशी आपला संबंधच येत नाही. पण सतत बिघडणाऱ्या नव्या गाडीबद्दलचा कायदा, म्हणजे लेमन लॉ, राबवणारं खातं तेच. अर्जाची फी ३५ डॉलर. आधी तडजोडीचा प्रयत्न होतो, नाही जमलं तर सुनावणी, आणि तिथे वकिलाशिवाय उभं राहता येतं.

गाडी परत किंवा बदलून मिळायची तर मोजमाप कडक आहे. पहिल्या २४ महिन्यांत किंवा २४,००० मैलांत एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्तीचा प्रयत्न, जिवाला धोका असलेल्या दोषासाठी दोन वेळा, किंवा एकूण तीस दिवस गाडी गराजमध्ये. त्या काळात तोडीस तोड गाडी वापरायला दिली असेल तर ते दिवस धरत नाहीत. कंपनीला लेखी कळवून दोष दूर करायची संधी द्यावी लागते. एवढं जमत नसेल, किंवा गाडी जुनी घेतलेली पण मूळ वॉरंटी शिल्लक असेल, तरी वॉरंटीतली दुरुस्ती करून द्या असा आदेश मागता येतो. नाकारलेल्या कामासाठी बहुतेकांना हवा असतो तो हाच आदेश.

दुरुस्तीच्या खेपांची आणि दिवसांची मोजणी होते ती रिपेअर ऑर्डरवरून, म्हणजे दर खेपेला डीलर देतो त्या कागदावरून. डीलरने गाडी ठेवून घेतली, काही सापडलं नाही म्हणाला आणि कागद न देता चावी परत केली, तर ती खेप नोंदीत नाही. ‘दोष आढळला नाही’ एवढं लिहिलेला कागदही चालतो. त्यावर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत, आत-बाहेरची तारीख आणि मैल हवेत. इंजिन उघडायच्या कागदावर सही करण्यापूर्वी, नकार आल्यास त्याचा खर्च किती, हे लिहून घ्या, आणि काढलेला भाग फेकू नका असंही लेखी सांगा. गाडीशिवाय अडत असेल तर पैसे भरून दुरुस्ती करून घ्यावी आणि नंतर भरपाई मागावी. मात्र कंपनीला तपासायची संधी दिल्यावरच. ती रक्कम वसूल करायला जस्टिस कोर्ट आहे, २० हजार डॉलरपर्यंतचे दावे तिथे चालतात. घर फ्रिस्कोच्या कोणत्या भागात आहे यावर काउंटी कॉलिन की डेंटन हे ठरतं, तेवढं पाहून घ्या.

लेमन लॉच्या अर्जाची मुदत मात्र कुणाची वाट पाहत नाही. वॉरंटीची अखेर, २४ महिने किंवा २४,००० मैल यांपैकी जे आधी येईल, त्यानंतर फक्त सहा महिने. वर्षाला पंधरा हजार मैल चालवणाऱ्याचे २४,००० मैल साधारण एकोणीस महिन्यांतच भरतात, म्हणजे गाडी घेतल्यापासून साधारण पंचवीस महिन्यांनी दार बंद. तुमच्या गाडीची तारीख आजच काढून ठेवा.