फाशीची शिक्षा, अपिले आणि ख्रिस्तसभेची शिकवण

एखादा भीषण गुन्हा घडला की "त्याला भर चौकात फाशी द्या" अशी मागणी होते. ती आपल्या ख्रिस्ती घरांतूनही ऐकू येते. या संतापामागे दुःख असते व त्या दुःखाचा आदर करायलाच हवा. परंतु फाशीची शिक्षा न्याय्य आहे काय आणि तिच्या अपिलांना एवढी वर्षे का लागतात, हे दोन प्रश्न शांतपणे समजून घेणे आवश्यक आहे. त्यासाठी आपल्याच परिसराशी निगडित असलेला एक खटला आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

११ जुलै २००६ रोजी सायंकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांमध्ये काही मिनिटांच्या अंतराने सात बॉम्बस्फोट झाले. त्यांपैकी एक मीरा रोड-भाईंदर परिसरात झाला. पाली, चौक, उत्तन, डोंगरी या गावांतून मुंबईला नोकरीधंद्यासाठी जाणारी माणसे भाईंदर स्थानकावरूनच गाडी पकडतात. त्यामुळे ही घटना आपल्यासाठी दूरची बातमी नव्हती. या स्फोटांत १८० हून अधिक प्रवासी मरण पावले आणि ८०० हून अधिक जखमी झाले.

तेरा जणांवर खटला चालला. विशेष मोक्का न्यायालयाने सप्टेंबर २०१५ मध्ये एकाची निर्दोष मुक्तता केली, पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप सुनावली. फाशी झालेल्यांपैकी एक जण २०२१ साली तुरुंगवासातच मरण पावला. अखेर २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अनिल किलोर व न्यायमूर्ती श्याम चांडक यांनी बाराही जणांची शिक्षा रद्द केली. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, साक्षीदारांनी फार उशिरा पटवलेली ओळख ग्राह्य धरता येत नाही आणि कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले हेदेखील सिद्ध झालेले नाही, असे त्यांनी नमूद केले. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने २४ जुलै २०२५ रोजी हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असा आदेश दिला, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठविले नाही.

कोण दोषी व कोण निर्दोष हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे, आमचे नव्हे. परंतु एक गोष्ट उघड आहे. २०१५ नंतर ती फाशी तातडीने अमलात आणली असती, तर २०२५ चा निकाल ऐकायला ते चौघे जिवंत नसते.

आता कायद्याची वाट पाहू. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. आरोपीने अपील केले नाही, तरीही उच्च न्यायालयाला सर्व पुरावा पुन्हा तपासावा लागतो. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते. तेथेही फाशी कायम राहिली तर पुनर्विचार याचिका करता येते व २०१४ च्या निर्णयानुसार तिची सुनावणी खुल्या न्यायालयात, किमान तीन न्यायमूर्तींपुढे होते. शेवटी राज्यघटनेच्या १६१ व्या अनुच्छेदानुसार राज्यपालांकडे आणि ७२ व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज करता येतो. शिवाय १९८० च्या बच्चनसिंग खटल्यापासून "दुर्मिळातील दुर्मिळ" गुन्ह्यालाच फाशी द्यावी, असा दंडक आहे.

या पायऱ्या म्हणजे गुन्हेगारांचे लाड, असे अनेकांना वाटते. पण नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या एका हत्याकांडाकडे पाहा. भटक्या समाजातील सहा गरीब माणसांना सर्वोच्च न्यायालयानेच २००९ साली फाशी सुनावली होती. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी त्या सर्वांना निर्दोष ठरविले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने प्रारंभी छायाचित्रांवरून वेगळ्याच चौघांना ओळखले होते, हे लक्षात घेतले गेले. राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला. सुमारे सोळा वर्षांच्या तुरुंगवासाची ती भरपाई! फाशी झाली असती तर तेवढीही भरपाई घ्यायला कोणी उरले नसते.

खर्चाचाही विचार करू. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यासंबंधी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १९७८ पासून मृत्युदंडाच्या व्यवस्थेवर सुमारे चार अब्ज डॉलर खर्च झाले आणि त्या काळात केवळ तेरा जणांना मृत्युदंड दिला गेला. "जन्मभर पोसण्यापेक्षा फाशी स्वस्त" हा समज त्यामुळे टिकत नाही. अपिले काढून टाकून खर्च वाचेल खरा, पण तो निरपराध्याच्या जिवावर वाचेल.

पैशापेक्षा मोठी किंमत माणसे मोजतात. कैदी वर्षानुवर्षे दोराच्या छायेत जगतो. त्याची आई व मुले गुन्हा न करताही शिक्षा भोगतात. आणि ज्यांचे आप्त मारले गेले, त्यांना प्रत्येक तारखेला जुनी जखम उघडी करावी लागते. पुण्यातील २००७ च्या एका तरुणीच्या खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दोघांची फाशी कायम केली. पुढे अंमलबजावणीस झालेल्या विलंबामुळे उच्च न्यायालयाने २०१९ साली ती शिक्षा ३५ वर्षांच्या कैदेत बदलली व २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. हीच शिक्षा प्रारंभी दिली असती, तर त्या दुःखी कुटुंबाचे कोर्टाचे हेलपाटे कितीतरी आधी थांबले असते.

ख्रिस्तसभा काय सांगते? शासनाला समाजाचे रक्षण करण्याचा अधिकार आहे, हे तिने नेहमीच मान्य केले व पूर्वी त्यात मृत्युदंडालाही स्थान होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ साली 'इव्हांजेलियुम व्हिटे' या परिपत्रकात, आजच्या तुरुंगव्यवस्थेमुळे अशा शिक्षेची गरज जवळजवळ उरलेली नाही, असे शिकविले. २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणग्रंथातील २२६७ वा परिच्छेद बदलला. मृत्युदंड मानवी प्रतिष्ठेवर आघात करतो, म्हणून तो अस्वीकार्य आहे, असे आता तेथे स्पष्ट म्हटले आहे. गुन्ह्याने माणसाची प्रतिष्ठा नष्ट होत नाही, हे त्याचे कारण. उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने काइनाला शिक्षा दिली, पण कोणी त्याला ठार मारू नये म्हणून त्याच्यावर खूणही केली. आणि ज्याला आपण प्रभू मानतो, तो स्वतः निरपराध असताना मृत्युदंड भोगून गेला.

याचा अर्थ बळींना विसरावे असा नाही. फाशीला विरोध करणारी ख्रिस्तसभा त्यांच्या दाराशी गेली नाही, तर तिचा शब्द पोकळ ठरेल. प्रिय बंधू-भगिनींनो, आपल्या धर्मग्रामात गुन्ह्याने पोळलेले घर असेल तर तेथे केवळ अंत्यविधीपुरते न जाता वर्षभर जात राहा. त्यांना सरकारी नुकसानभरपाई मिळावी म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करण्यास मदत करा. कोठडीत असलेल्या गरिबालाही तेथेच मोफत वकील मिळू शकतो, हे त्याच्या घरच्यांना सांगा. तुरुंगसेवेत काम करणाऱ्या धर्मगुरू, धर्मभगिनी व प्रापंचिकांना हातभार लावा. आणि पुढच्या वेळी कोणासाठी फाशीची घोषणा कानी पडेल, तेव्हा क्षणभर थांबून विचार करा : मनुष्याचा न्याय चुकू शकतो. चूक सुधारायची तर माणूस जिवंत असावा लागतो.