चित्रे रंगविणारा गणक

नांदेडहून औंढा नागनाथास जाणारा बहुतेक प्रवासी ज्योतिर्लिंगाच्या ओढीने निघालेला असतो. परंतु त्याच तालुक्याच्या माळावर, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचे ‘लायगो-इंडिया’ हे गुरुत्वीय लहरींचे वेधयंत्र उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2600 कोटी रुपयांची मंजुरी दिली, तेव्हापासून या मुलखाने ज्याची ओळख करून घेतलीच पाहिजे असे एक यंत्र आहे. ग्राफिक्स प्रोसेसर अर्थात जीपीयू या नावाने ते ओळखले जाते, आणि त्याचा जन्म संगणकावरील खेळांची चित्रे झपाट्याने रंगविण्यासाठी झाला.

पडद्यावरील लक्षावधी बिंदूंपैकी प्रत्येकाचा रंग स्वतंत्रपणे काढावयाचा, रीत मात्र सर्वांस एकच. म्हणून रचनाकारांनी एखादा अतिकुशल गणक घडविण्याऐवजी साध्या गणकांचा मोठा समुदाय एका चिपवर बसविला. निजामी अमलातील तहसील कचेरीत गुंतागुंतीचा मामला एकटा मुरब्बी शिरस्तेदार निकालात काढी, पण जमाबंदीच्या हजारो नोंदी करावयाच्या तर कारकुनांची रांगच लागे. मुख्य प्रोसेसर आणि जीपीयू यांच्यातील भेद याच जातीचा आहे. एनव्हिडिया कंपनीच्या जीपीयूत 32 धाग्यांची, म्हणजे समांतर चालणाऱ्या गणनांची, तुकडी एका वेळी एकच आज्ञा पाळते, आणि ‘जर-तर’मुळे निम्म्यांची वाट निराळी झाली, की एक निम्मे काम करीत असता दुसरे निम्मे खोळंबून राहतात. या यंत्राचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा, दोन्हींचे मूळ येथेच आहे.

प्रारंभी शास्त्रज्ञांना आपले आकडे चित्राच्या वेषात दडवून या यंत्रास द्यावे लागत. 2006 च्या नोव्हेंबरात एनव्हिडियाचे 128 गणकांचे ‘जीफोर्स 8800’ हे कार्ड आले, पुढील वर्षी ‘कूडा’ ही आज्ञावली आली, आणि सी भाषा जाणणाऱ्या कोणासही त्यावर सरळ गणित मांडता येऊ लागले.

अशा वापराचा आपल्या राज्यातील उत्तम दाखला नारायणगावजवळच्या खोडदचा. तेथील जीएमआरटी या महादुर्बिणीच्या 30 अँटेनांच्या 435 जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीच्या संकेतांचा गुणाकार अखंड करीत राहावा लागतो. दुर्बिणीच्या नूतनीकरणानंतर हे काम जीपीयूंकडे आले. गुरुत्वीय लहरींचा शोधही असाच विभागता येतो. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रातील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी 1991 मध्ये, परस्परांभोवती फिरत एकरूप होणाऱ्या ताऱ्यांच्या लहरींचे संभाव्य नमुने आधीच गणून ठेवावेत व यंत्रातील कोलाहलाशी एकेक ताडून पाहावेत, या पद्धतीची पायाभूत मांडणी केली. एका नमुन्याची तुलना दुसऱ्यावर अवलंबून नसल्यामुळे सहस्रावधी तुलना एकाच वेळी चालू शकतात. ज्या शोधपद्धतीची पायाभूत मांडणी महाराष्ट्रात झाली, ती वापरणारे वेधयंत्र मराठवाड्यात यावे, याचा मला मनःपूर्वक अभिमान वाटतो.

लातूरकरांना या गणिताची निकड निराळ्या कारणाने पटावी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे, बहुतांशी दगडमातीच्या घरांखाली, झोपेतच गेली. भूकंपाचे भाकीत आजही कोणास करता येत नाही; परंतु भूगर्भाचे लहान-लहान घन कल्पून, क्षणोक्षणी प्रत्येक घनाची हालचाल शेजाऱ्यांच्या हालचालीवरून काढीत गेल्यास, कोणत्या जमिनीवर हादरा किती तीव्र बसेल याचा अंदाज बांधता येतो, आणि हे गणित जीपीयूवर उत्तम चालते. विष्णुपुरीची श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि लातूरची महाविद्यालये यांनी समांतर गणनेस अभ्यासक्रमात ठळक स्थान द्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

विद्यार्थ्यांनी मात्र त्यासाठी थांबू नये. खेळांकरिता घेतलेल्या एनव्हिडियाच्या साध्या कार्डावरही कूडा चालते, ही आज्ञावली विनामूल्य मिळते, आणि 14 सप्टेंबर 2015 रोजी प्रथम टिपलेल्या गुरुत्वीय लहरीच्या मूळ नोंदी सर्वांस खुल्या आहेत.