पहिली दुर्बीण घेण्याआधी

धार-देवासच्या नवख्या नेमबाजाने आधी एवढंच ठरवावं: रायफलला दुर्बीण खरंच लागणार आहे का? कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य जिंकलं ते दुर्बिणीविना. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत बारीक छिद्राची पीप साइटच चालते.

लांब पल्ल्यासाठी घ्यायचीच असेल, तर ‘पंचवीसपट’सारख्या आकड्यांना भुलू नये. माळव्याच्या उन्हात हवा लहरते, आणि मोठं दिसणारं लक्ष्य थरथरतंही मोठं. पैसे घालावेत ते अचूक फिरणाऱ्या टरेटवर, म्हणजे नेम सरकवणाऱ्या चकतीवर. तिचा ०.१ मिलचा (मिल हे कोनाचं माप) एक क्लिक नेम १०० मीटरवर १ सेंटिमीटर हलवतो, १,००० मीटरवर १०. रेटिकलच्या, म्हणजे दुर्बिणीत दिसणाऱ्या नेमरेषांच्या, खुणाही मिलमध्येच हव्यात. नाहीतर ऐन वेळी गुणाकार करत बसावं लागतं.