पळून जाण्याचा गुन्हा

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने 1851 मध्ये एका नव्या मनोविकाराची घोषणा केली. मळ्यावरून पळून जाणाऱ्या काळ्या गुलामांना हा विकार जडतो, असे त्याचे म्हणणे होते. त्याने त्याला 'ड्रॅपेटोमॅनिया' असे भारदस्त नाव दिले आणि प्रतिबंधक उपायांत चाबकाचाही समावेश केला. बेडीतून सुटू पाहणे ही माणसाची सर्वांत शहाणी धडपड, पण ती ज्याच्या हाती बेडी होती त्याच्या वैद्यकात वेड ठरली. पुढे वीसच वर्षांनी, 1871 मध्ये, इंग्रज सरकारने हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार होतो तसा चोराचा मुलगा चोर होणार, असा त्यामागचा हिशेब होता. 1911 च्या सुधारित कायद्याने मुंबई इलाखाही त्या कक्षेत आला आणि हजेरी, पास, सेटलमेंट हे शब्द पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट यांच्या बोलीत कायमचे रुतले. कार्टराइटचा सिद्धांत आज वैद्यकाच्या इतिहासात लाजिरवाणे उदाहरण म्हणून सांगितला जातो. आपल्याकडच्या सिद्धांताचा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला आणि त्याखालच्या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या जाऊ लागल्या. त्या कायद्याची नजर मात्र रद्द झाली नाही, आणि ही नजर माणसाच्या मनाचे काय करते याचा हिशेब आपण अजून मांडलेला नाही.

त्यासाठी 1998 साल तपासावे. त्या वर्षी जून महिन्यात अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका मानसशास्त्रीय नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध केली. आपण पूर्वग्रह बाळगत नाही असे प्रामाणिकपणे मानणाऱ्याचे बोटसुद्धा काळ्यांची नावे आणि वाईट शब्द यांची जोडी अधिक झटकन कसे लावते, हे ती सेकंदाच्या अंशांत मोजते. त्याच जून महिन्यात बारामतीत पिन्या हरी काळे या पारधी माणसाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्याआधी फेब्रुवारीत पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर याचाही कोठडीतच अंत झाला होता. महाश्वेता देवी, गणेश देवी आणि 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड यांनी त्याच वर्षी विमुक्तांच्या हक्कांसाठी कृती गट उभा केला. बुधनच्या प्रकरणात जुलैमध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने निकाल दिला. त्या निकालातून अहमदाबादच्या छारानगरमधल्या, छारा या विमुक्त जमातीच्या तरुणांनी नाटक बसवले आणि 31 ऑगस्टला, विमुक्त दिनी, ते सादर केले. पुढे पिन्या काळेवरही त्यांनी नाटक केले. बारामतीतल्या या मृत्यूचे नाटक अहमदाबादच्या छारांनी करावे आणि नीरा खोऱ्यात, सोमेश्वरनगर ते इंदापूरच्या ऊसपट्ट्यात, पिन्याचे नाव आज क्वचितच कानी पडावे, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

ग्रीनवाल्डची चाचणी आणि पिन्याचा मृत्यू या दोन घटना मी शेजारी ठेवतो, कारण त्या एकाच यंत्रणेची दोन टोके आहेत. गावात चोरी झाली की पोलिसांची पहिली गाडी पारध्यांच्या पालांकडे वळते. ती वळवणारा अंमलदार मनाने दुष्ट असेलच असे नाही. त्याला शिकवलेली, सवयीने पक्की झालेली ती वाट आहे. गाडी दिसताच पालातले पुरुष उसात शिरतात, आणि पळाला म्हणजे नक्कीच काही केले असणार, असा निष्कर्ष निघतो. कार्टराइटने पळण्याचा आजार केला, आपण पळण्याचा पुरावा केला. त्यामागची भीती मात्र अनुभवाने शिकवलेली असते. आजोबा हजेरीला गेले, बाप संशयावरून उचलला गेला, चुलत्याच्या अंगावर वळ उठले. या घरातले पोर रात्री इंजिनाच्या आवाजाने उठून बसत असेल तर बिघाड त्याच्या मेंदूत शोधणे हा अन्याय आहे. मात्र अशी सततची सावधगिरी शरीराला फुकट मिळत नाही. झोप जाते, रक्तदाब चढतो, चिडचीड आणि दारू वाढते. मग त्या दारूवर बोट ठेवून पुन्हा जमातीलाच नावे ठेवली जातात.

प्रत्यक्ष मार न खाणाऱ्यांवरही परिणाम होतो का? 2018 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये जेकब बॉर, डेव्हिड विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी याचे उत्तर दिले. अमेरिकेच्या एखाद्या राज्यात पोलिसांनी निःशस्त्र काळ्या माणसाला ठार केले की पुढचे तीन महिने त्या राज्यातल्या इतर काळ्या नागरिकांचे मानसिक स्वास्थ्य ढासळलेले दिसले. गोऱ्यांवर तसा परिणाम आढळला नाही, आणि मेलेला काळा माणूस सशस्त्र असेल तर काळ्यांवरही नाही. म्हणजे मन खचते ते मृत्यूच्या बातमीने कमी आणि 'आपल्यालाही असेच, काही न करता' या जाणिवेने जास्त. असे बिघडलेले दिवस वर्षाला साडेपाच कोटी भरतात, असा त्यांचा अंदाज आहे. पारधी, वडार, कैकाडी वस्त्यांसाठी असा हिशेब कुणीतरी करायला हवा.

यावर आक्षेप येतात. पहिला असा की ग्रीनवाल्डची चाचणी कच्ची आहे, तिच्या गुणांवरून माणूस प्रत्यक्षात कसा वागेल हे फारसे सांगता येत नाही. हे खरे आहे. 2013 चे एक मोठे फेरविश्लेषण तेच सांगते. पण माझा युक्तिवाद एकेका हवालदाराच्या गुणांवर उभा नाही. कायदा जाऊनही गाडीची दिशा तीच राहते, यावर तो उभा आहे. दुसरा आक्षेप बोचरा आहे: काही पारधी चोऱ्या करतातच ना? करत असतील, जसे इतर जातींतलेही करतात. मात्र इतरांच्या चोरीची सजा अख्ख्या आळीला होत नाही. शिवाय ज्याच्या दारात रोज शोध घेतला जातो त्याच्याच दारात जास्त सापडते, आणि मग तेच आकडे संशयाला आधार म्हणून वापरले जातात. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: हे दुःख जातीचे नसून दारिद्र्याचे आहे. आशीष गुप्ता आणि डायान कॉफी यांनी 2020 मध्ये भारतीय आकडेवारी तपासली. दलित आणि मुस्लिमांचे मानसिक स्वास्थ्य सवर्ण हिंदूंपेक्षा वाईट आढळले, आणि शिक्षण व मालमत्तेतला फरक लक्षात घेऊनही ही दरी बुजली नाही. पैसा आला तरी नजर उरते. मुंबईच्या नायर रुग्णालयात 2019 मध्ये जीव दिलेल्या डॉ. पायल तडवी एम.बी.बी.एस. होत्या, पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. जातीवरून त्यांचा छळ झाल्याचा आरोप न्यायालयात आहे, म्हणून निकालाआधी दोषी ठरवण्याचा अधिकार माझा नाही. पण पदवी मिळाली की प्रश्न सुटतो, हा भाबडेपणा त्यानंतर तरी टिकू नये.

3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तुरुंगांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितले आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, अशी पोलिसांना तंबी दिली. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा उपचारात जातीवरून भेद करायला मनाई करतो. दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत, पण पालापर्यंत पोचतात त्या केसपेपरमधून. आज झोप येत नाही म्हणून कुणी पारधी बाई तालुक्याच्या दवाखान्यात गेली, तर तिला गोळ्या मिळतील आणि 'टेन्शन घेऊ नका' हा सल्लाही. त्याच केसपेपरवर डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न लिहून घ्यावा, एवढीच माझी मागणी आहे: गेल्या वर्षभरात तुमच्या घरी पोलीस किती वेळा आले, आणि त्यांतल्या किती वेळा गुन्हा शाबीत झाला?