विद्यापीठाच्या आवारातील श्रद्धा : कॅथलिक विद्यार्थीसेवेपुढील पेच

नवी दिल्ली : पोप लिओ चौदावे यांनी १ नोव्हेंबर २०२५ रोजी संत जॉन हेन्री न्यूमन यांना ‘डॉक्टर ऑफ द चर्च’ ही उपाधी दिली. त्यामुळे न्यूमन यांच्या नावाने चालणाऱ्या एका कार्याकडे नव्याने लक्ष वेधले गेले आहे. महाविद्यालयीन तरुणांसाठी चर्चतर्फे चालणारी ही सेवा ‘कॅम्पस मिनिस्ट्री’ म्हणून ओळखली जाते.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८९३ मध्ये न्यूमन यांच्या नावाने कॅथलिक विद्यार्थ्यांचे मंडळ स्थापन झाले. विद्यापीठ चर्चचे नव्हते, आणि मंडळाचे महत्त्व नेमके त्यातच होते. घर आणि गावचे चर्च मागे ठेवून आलेल्या विद्यार्थ्याला मिस्सा, पापनिवेदन आणि शंका मोकळेपणाने मांडता येतील अशी सोबत तेथे मिळावी, हा हेतू होता. आज अमेरिकेतील अनेक विद्यापीठांलगत न्यूमन केंद्रे आहेत.

स्वतः न्यूमन यांना मात्र असे काम करता आले नाही. ऑक्सफर्डमध्ये कॅथलिक धर्मकेंद्र उभारण्याची त्यांची १८६० च्या दशकातील योजना चर्चमधील वरिष्ठांच्याच विरोधामुळे बारगळली. तेथील वातावरणात तरुणांची श्रद्धा ढासळेल, ही भीती त्यामागे होती. इंग्लंडमधील कॅथलिकांना ऑक्सफर्ड व केंब्रिजमध्ये शिकण्याची मोकळीक चर्चने १८९५ मध्ये दिली. तोवर न्यूमन यांच्या निधनाला पाच वर्षे झाली होती.

ही भीती अद्याप सरलेली नाही, पण तिचा रोख बहुधा चुकतो. प्यू संशोधन केंद्राच्या २००९ मधील अहवालानुसार, कॅथलिक धर्म सोडून कोणताच धर्म न मानणाऱ्या अमेरिकनांपैकी ४८ टक्क्यांनी तो वयाच्या अठराव्या वर्षाआधीच सोडला होता. १८ ते २३ या वयात सोडणारे सुमारे ३० टक्के होते. प्राध्यापकांच्या व्याख्यानांना दोष देण्याआधी घराकडे पाहावे लागते, असाच याचा अर्थ. अनेक विद्यार्थी आधीच दुरावलेले असतात. केंद्राचे दार उघडे ठेवल्याने ते आत येतीलच असे नाही.

कॅन्ससमधील बेनेडिक्टाइन महाविद्यालयात १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘फोकस’ या संस्थेने म्हणूनच उलट मार्ग धरला. नव्याने पदवीधर झालेले तरुण विद्यापीठांत जाऊन विद्यार्थ्यांशी मैत्री करतात, बायबलचे छोटे अभ्यासगट चालवतात. स्वतःच्या मानधनाचा निधीही तेच देणगीदारांकडून जमवतात. या पद्धतीत ऊर्जा आहे. मात्र मित्राच्या ओढीने आलेली निष्ठा आणि शंका पारखून स्वीकारलेली श्रद्धा एकच नव्हे. अमेरिकी बिशपांच्या १९८५ मधील पत्रातही श्रद्धा आत्मसात करणे, विवेकबुद्धी घडवणे आणि न्यायाचे शिक्षण हे या सेवेचे स्वतंत्र पैलू मानले आहेत.

भारतात परिस्थिती वेगळी आहे. मुंबईच्या सेंट झेविअर्ससारख्या महाविद्यालयांचे व्यवस्थापन कॅथलिक असले, तरी विद्यार्थी सर्व धर्मांचे आहेत. शिवाय राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षण अथवा उपासनेची सक्ती करता येत नाही. साहजिकच ही सेवा ऐच्छिक मंडळांच्या आधारे चालते. त्यांपैकी १९२४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय कॅथलिक विद्यापीठ महासंघाने (आयकफ) प्रार्थनेबरोबरच दलित, आदिवासी व स्त्रियांच्या हक्कांचे प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवले आहेत.