काळोखातील हेर आणि ‘खबऱ्या’ हा शब्द

‘न्वार’ या फ्रेंच विशेषणाचा अर्थ ‘काळा’ एवढाच आहे. पॅरिसच्या गालिमार प्रकाशनसंस्थेने १९४५ साली सुरू केलेल्या गुन्हेकथामालेच्या नावात तो आला, आणि पुढील वर्षी नीनो फ्रांक या समीक्षकाने तो काही अमेरिकन चित्रपटांना लावला. चित्रकथा मात्र या वाटेला आधीच लागली होती. डॅशिएल हॅमेटने लिहिलेली व अलेक्स रेमंडने रेखाटलेली ‘सीक्रेट एजंट एक्स-९’ ही वृत्तपत्रीय चित्रमाला १९३४ची होय. याच रेमंडचा रिप कर्बी (१९४६) कालांतराने ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून भारतीय वाचकांच्या हाती पडला.

मराठी वाचकास हेरकथा अपरिचित नव्हती. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा काळा पहाड कायद्याच्या चौकटीबाहेर वावरतो, परंतु तो कोणत्या बाजूचा आहे याविषयी वाचकाच्या मनात संदेह नसतो. तेथील काळोख शब्दांनी सांगितलेला असतो आणि अखेरच्या पानावर तो फिटतो.

न्वार चित्रकादंबरीत तो फिटत नाही. फ्रँक मिलरच्या ‘सिन सिटी’त (१९९१ पासून) करड्या छटा जवळजवळ वर्ज्य आहेत. चेहऱ्याचा अर्धा भाग शाईत बुडालेला असतो, आणि निवेदक सांगतो त्यावर ती शाई शंका घेत राहते. शब्द व रेषा यांच्यातील या विसंवादातच तिचे खरे आकर्षण आहे. गद्याला त्यासाठी परिच्छेद खर्ची घालावा लागतो. चित्रास एक सावली पुरते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशाला हा शहरी गल्ल्यांचा काळोख परका वाटेल, असे प्रथमदर्शनी कोणी म्हणेल. ‘खबऱ्या’ या शब्दाचा विचार करता ते टिकत नाही. अरबी ‘खबर’ला मराठी प्रत्यय लागून तो सिद्ध झाला. हेरकथेत खबऱ्या हे दुय्यम पात्र. चार पैसे घेऊन दुवा देतो व नाहीसा होतो. गडचिरोलीत मात्र १९८० नंतरच्या नक्षलवादी चळवळीच्या काळात पोलिसांचे खबरे असल्याच्या संशयावरून अनेक ग्रामस्थांची हत्या झाली, आणि त्यांत आदिवासी पुष्कळ होते. येथे शब्द वर्णन करीत नाही. ऑस्टिनच्या परिभाषेत ती कृतिरूप उक्ती होय: उच्चार हाच आरोप, आणि तोच निवाडा. दुसऱ्या बाजूने ‘समर्थक’ हा शब्दही निरपराध माणसाला असाच घेरू शकतो.

अशा कथेची चित्रकादंबरी करणाऱ्यास पावसात भिजलेला रस्ता किंवा हेराची हॅट यांची गरज पडणार नाही. त्यापुढील अवघड प्रश्न निराळे आहेत: तो शब्द ज्या फुग्यात लिहावयाचा त्याचे टोक कोणाच्या मुखाकडे वळवावे, आणि ऐकणाऱ्याचे उत्तर मराठीत द्यावे की माडियात.