पेशीच्या पदराला बांधलेला विषाणू

डिसेंबर १९६३. युगांडाहून लंडनला निघालेलं विमान धुक्यामुळे मँचेस्टरला उतरवावं लागलं. त्यात एका लेकराच्या जबड्यातल्या गाठीचा तुकडा होता. बाटली मायकल एपस्टाईन यांच्या हाती पडेपर्यंत आतलं पाणी गढूळ झालेलं. जंतू शिरले, नमुना वाया गेला, असंच कुणालाही वाटलं असतं. पण एपस्टाईन यांनी टाकून देण्याआधी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. गढूळपणा होता तो गाठीतून सुटून तरंगणाऱ्या जिवंत पेशींचा! त्या पेशी इव्हॉन बार यांनी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि १९६४ साली त्यांत हर्पिस कुळातला नवा विषाणू दिसला. माणसाच्या कॅन्सरशी नातं जुळलेला हा पहिला विषाणू. नाव पडलं एपस्टाईन-बार.

जगातल्या दहातल्या नऊ प्रौढांच्या अंगात तो असतो. म्हणजे बहुधा तुमच्याही. लाळेतून येतो आणि जन्मभर राहतो. त्याचं बिऱ्हाड असतं ‘बी’ नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींत, त्यातही वर्षानुवर्षं टिकणाऱ्या स्मृतिपेशींत. तिथे त्याचा डीएनए वेटोळं करून पडून राहतो. पेशी दुभंगायच्या वेळी ‘ईबीएनए-१’ नावाचं प्रथिन हे वेटोळं पेशीच्या गुणसूत्रांना बांधून ठेवतं. पदराला गाठ मारावी तसं. लेकपेशींबरोबर विषाणूही पुढे जातो.

आता प्रतिकारशक्ती. प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेर मांडते, ‘टी’ पेशी ते तपासतात. पण ईबीएनए-१मध्ये दोनच अमिनो आम्लांची लांबलचक पुनरुक्ती आहे. तिच्यामुळे ते संथपणे तयार होतं आणि त्याचे तुकडे बाहेर फार थोडे पोचतात. पेशी स्वस्थ असली, तर विषाणू तेवढंही बनवत नाही. गप्प बसणाऱ्याला पकडणार कोण?

दुसरं प्रथिन, ‘एलएमपी-१’, नेमकं उलट वागतं. दारावरच्या बेलचं बटण अडकून बसावं, तसं ते पेशीला ‘वाढ, मरू नकोस’ असं सारखं सांगत राहतं.

कॅन्सर हा मात्र विषाणूचा बेत नव्हे, अपघात आहे. आफ्रिकेत वारंवारच्या मलेरियाने बी पेशींची वाढ भडकते, टी पेशींचा पहारा ढिला पडतो. अशात गुणसूत्रं तुटून चुकीच्या जागी जुळली, पेशीची वाढ हाकणारं ‘मिक’ जनुक बेफाम झालं, की जबडा सुजू लागतो.

मूत्रपिंड किंवा यकृताच्या प्रत्यारोपणानंतर हा पहारा आपणच गोळ्यांनी ढिला करतो. अशा रुग्णाला मानेत किंवा काखेत नवी गाठ लागली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका.